कला विद्यापीठात मोबाइल ॲप शिकताना : ब्रीफपासून सबमिशनपर्यंतचा कामाचा क्रम

कला विद्यापीठात ॲप डेव्हलपमेंट शिकायला गेलेले आपले विद्यार्थी दोन टोकांच्या चुका करतात. अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राकडून आलेला विद्यार्थी ब्रीफ, म्हणजे प्रकल्पात काय करायचे ते सांगणारा कागद, हाती पडल्याच्या रात्रीच अँड्रॉइड स्टुडिओ हे कोड लिहिण्याचे साधन उघडून बसतो. सत्र संपताना त्याच्याजवळ लॉगिन, प्रोफाइल, सेटिंग असे सारे काही असलेले ॲप असते, पण ते कोणासाठी आणि कशासाठी, हे त्याला सांगता येत नाही. उपयोजित कलेकडून आलेली विद्यार्थिनी फिग्मा या स्क्रीन आखण्याच्या साधनात चाळीस देखण्या स्क्रीन रंगवते आणि शेवटचे दोन आठवडे उरल्यावर कोडकडे वळते. त्या चाळीसपैकी तीनसुद्धा खऱ्या फोनवर धड चालत नाहीत. दोघांचे कष्ट खरे असतात, क्रम मात्र चुकलेला असतो आणि गुण तिथेच जातात.

उदाहरणासाठी मी युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स लंडन हे विद्यापीठ घेतो. तिथल्या क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग इन्स्टिट्यूटमध्ये कोड हे कलेचे साधन म्हणून शिकवले जाते आणि विद्यापीठाचे मूल्यमापनाचे पाच निकष जाहीर आहेत : शोध, ज्ञान, प्रक्रिया, संवाद आणि प्रत्यक्ष निर्मिती. ‘ॲप चालते का’ हा प्रश्न मुख्यतः यांतल्या शेवटच्या निकषात येतो. उरलेले चार तुम्ही तिथवर कसे पोचलात, हे तपासतात. खाली दिलेला क्रम या एका गोष्टीवर उभा आहे आणि इतर कला विद्यापीठांतही तो थोड्या फरकाने लागू पडतो.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे. वयस्क बायकांना पाठ असलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांच्याच आवाजात साठवून घरच्यांना ऐकता याव्यात, यासाठीचे हे ॲप आहे.

टप्पा १ : अर्ज करण्यापूर्वी कोर्सचा तपशील वाचा

‘मोबाइल ॲप डेव्हलपमेंट’ या नावाची पदवी शोधत बसू नका. कला विद्यापीठात हे शिक्षण बहुधा क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग, इंटरॅक्शन डिझाइन, यूएक्स (वापरकर्त्याचा अनुभव) डिझाइन किंवा गेम डिझाइन या नावांखाली विखुरलेले असते. म्हणून पदवीच्या नावापेक्षा युनिटांची, म्हणजे अभ्यासक्रमाच्या घटकांची यादी उघडा आणि तीन गोष्टी शोधा : कोड लिहिणे कोणत्या वर्षापासून सक्तीचे आहे, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प स्वतःच्या विषयावर करता येतो का, आणि प्रयोगशाळेत मॅक संगणक मिळतात का. आयफोनसाठी ॲप बांधायचे तर ॲपलचे एक्सकोड हे सॉफ्टवेअर लागते आणि ते फक्त मॅकवर चालते. तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नंतर तोच खर्चात पाडतो.

ब्रिटनमधील तीन वर्षांची ऑनर्स पदवी सर्वसाधारणपणे ३६० क्रेडिटची असते, म्हणजे वर्षाला १२०. एका क्रेडिटमागे सुमारे १० तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो आणि त्यात वर्गातले तासही मोजलेले असतात. हा हिशेब लक्षात ठेवा. तिसऱ्या टप्प्यात तो कामी येईल.

यूकॅस या ब्रिटनमधील केंद्रीय प्रवेशयंत्रणेमार्फत पदवीसाठी अर्ज करणाऱ्यांनी हेही पाहावे की २०२६ च्या प्रवेशापासून वैयक्तिक निवेदन सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांच्या उत्तरांत मागितले जाते. स्पेससह एकूण मर्यादा ४,००० अक्षरांची असून प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे हवे. हा कोर्स का निवडला, शिक्षणातून कोणती तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केले, असा त्या प्रश्नांचा रोख आहे. आपल्याकडचे बहुतेक अर्ज इथे स्वतःला येत असलेल्या प्रोग्रॅमिंग भाषांची जंत्री देतात. त्यापेक्षा एखादी छोटी वस्तू का केली, ती कुठे फसली आणि मग काय बदलले, हे लिहा. पोर्टफोलिओ मागितला असेल तर अंतिम स्क्रीनच्या शेजारी टाकून दिलेली दोन स्केचेसही लावा, कारण विचार कसा पुढे सरकला हे त्यांतूनच दिसते.

टप्पा २ : वर्ग सुरू होण्यापूर्वी हत्यारे धारेवर लावा

लॅपटॉप घेताना १६ जीबी मेमरी धरूनच चाला. ८ जीबीवर अँड्रॉइडचा एमुलेटर (संगणकावर फोनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आणि ब्राउझर एकत्र उघडले की काम रखडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एक साधा, वापरलेला अँड्रॉइड फोन जवळ ठेवा. महागडा नको; तुमच्या वापरकर्त्याच्या हातात जसा असेल तसाच हवा.

त्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय खुले होतात. त्यांतले यूएसबी डीबगिंग सुरू करा, केबल जोडा आणि एकच बटण असलेले ॲप त्या फोनवर चालवून दाखवा. एवढे एका संध्याकाळी होऊ शकते. मात्र केबल फक्त चार्जिंगची निघाली, ड्रायव्हर सापडला नाही किंवा डिस्कवर जागाच उरली नाही, तर तीन दिवस सहज जातात. ते तीन दिवस सुट्टीतले असावेत, सत्रातले नसावेत.

ॲप लिहिण्याचे साधन एकच निवडा. अँड्रॉइडसाठी कोटलिन आणि जेटपॅक कंपोज, आयफोनसाठी स्विफ्ट आणि स्विफ्टयूआय, दोन्हींसाठी एकाच कोडमधून फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह, असे सरळ पर्याय आहेत. युनिटमध्ये जे शिकवतात तेच घ्या. अडलात तर शिक्षक, तंत्रसहायक आणि शेजारचा विद्यार्थी या तिघांनाही ते येत असते, आणि पहिल्या वर्षी याहून मोठा आधार नाही.

*सावधान :* फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह घेतले की मॅकची गरज संपते, हा गैरसमज आहे. कोड विंडोजवर लिहिता येतो, पण आयफोनसाठीचे बिल्ड, म्हणजे फोनवर टाकता येणारे ॲप, तयार करताना एक्सकोड आणि पर्यायाने मॅक लागतोच.

गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन याच टप्प्यावर शिका. पाच आज्ञा पुरतात. कमिटच्या, म्हणजे प्रत्येक नोंदवलेल्या बदलाच्या संदेशात ‘बदल केले’ असे न लिहिता ‘रेकॉर्ड बटण मोठे केले, पहिल्या चाचणीत अंगठा चुकत होता’ असे लिहायची सवय लावा. सत्राच्या शेवटी हेच संदेश तुमच्या प्रक्रियेचे तारीखवार पुरावे ठरतात.

टप्पा ३ : ब्रीफ दोनदा वाचा, मग एक वाक्य लिहा

पहिल्या वाचनात पेन्सिलीने फक्त मागण्या अधोरेखित करा : काय काय सादर करायचे, कोणत्या फाइल प्रकारात, किती शब्दांत, व्हिडिओ किती मिनिटांचा, आणि कोणत्या तारखेला किती वाजेपर्यंत. दुसऱ्या वाचनात क्रियापदे पाहा. ‘तपासा’, ‘मांडा’, ‘समर्थन द्या’ अशी क्रियापदे असतील तर तिथे लेखी विवेचन अपेक्षित आहे आणि निव्वळ ॲप देऊन ते भागणार नाही.

मग वेळेची वाटणी करा. युनिट २० क्रेडिटचे असेल तर हाती सुमारे २०० तास आहेत. माझ्या मते त्यांची वाटणी अशी असावी : वाचन आणि प्रश्न ठरवणे २०, माणसांना भेटणे ३०, कागदावरचे काम २५, कोड ७०, चाचण्या आणि दुरुस्त्या ३०, प्रक्रियेची वही आणि सबमिशन २५. कोडला निम्म्याहून कमी वेळ मिळालेला पाहून अभियांत्रिकीचे विद्यार्थी अस्वस्थ होतात, पण निकष पाच आहेत हे त्यांनी आठवावे.

आता प्रकल्प एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात एक माणूस, एक जागा आणि एक क्षण असलाच पाहिजे. ‘लोकसाहित्याच्या जतनासाठी ॲप’ हे वाक्य चालणार नाही. त्यावरून पहिली स्क्रीन कोणती, हे ठरत नाही. ‘सत्तरीतल्या बाईंना ओवी आठवेल त्या क्षणी, चष्मा न शोधता आणि कोणाला न बोलावता, ती रेकॉर्ड करता यावी’ हे वाक्य चालेल. चष्म्याचा उल्लेख झाल्याबरोबर अक्षराचा आकार ठरतो, ‘कोणाला न बोलावता’ म्हटल्याबरोबर लॉगिन बाद होते.

*तपासणी :* हे वाक्य वर्गातल्या कोणालाही वाचून दाखवा आणि पहिल्या स्क्रीनवर काय असेल ते विचारा. त्याला उत्तर देता आले नाही तर वाक्य अजून सैल आहे.

टप्पा ४ : माणसांना भेटा, पण आधी परवानगी

माणसांशी बोलण्यापूर्वी, त्यांचे फोटो किंवा आवाज घेण्यापूर्वी विद्यापीठाची नैतिक मंजुरीची प्रक्रिया पूर्ण करा. ब्रिटिश विद्यापीठांत संशोधनात माणसे सहभागी होत असतील तर ती करावी लागते आणि नंतर भरलेला अर्ज धरला जात नाही. संमतिपत्र मराठीत असू द्या. कशासाठी, किती काळ, कुठे साठवणार आणि मध्येच नकार दिला तर काय, हे चार मुद्दे त्यात साध्या वाक्यांत हवेत. सही घेण्यापूर्वी ते मोठ्याने वाचून दाखवा.

लंडनमध्ये मराठी ज्येष्ठांना भेटायचे असेल तर डॉलिस हिल भागात महाराष्ट्र मंडळ लंडन आहे. १९३२ साली स्थापन झालेल्या या मंडळाकडे आधी पत्र पाठवून रीतसर विचारावे. गावी आईला किंवा काकूला व्हिडिओ कॉल लावून काम भागवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. घरची माणसे तुमचे मन राखतात, आणि कॉलवर त्यांचा चेहरा दिसत असला तरी हात दिसत नाहीत.

‘तुम्ही असे ॲप वापराल का?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याचे उत्तर ‘हो बाळा, वापरीन की’ असेच येते आणि त्यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी ‘मागच्या वेळी कोणाला आवाज पाठवला होतात, तो कसा पाठवलात, मला करून दाखवता का?’ असे म्हणा आणि गप्प राहून बघा. ओव्यांच्या ॲपच्या बाबतीत इथेच सर्वांत मोलाची गोष्ट हाती लागते. व्हॉट्सॲपवर आवाज पाठवण्याची सवय झालेल्या बाई बटणावर अंगठा दाबून धरतात आणि बोलणे संपले की सोडतात. आपण मात्र ‘एकदा दाबा, सुरू, पुन्हा दाबा, बंद’ असे बटण मनात धरलेले असते. त्या दाबून धरतील, रेकॉर्डिंग सुरू होईल, अंगठा सोडतील आणि ओवी संपली असे समजून फोन खाली ठेवतील. रेकॉर्डिंग मात्र चालूच राहील. ही गोष्ट शेवटच्या आठवड्यात कळली तर प्रकल्पाचा कणाच बदलावा लागतो.

त्याच दिवशी, घरी पोचल्याबरोबर, पाहिलेले वहीत उतरवा. आठवड्याने लिहिलेल्या नोंदीत तुमचे मत शिरते आणि त्या माणसाचे हात विसरले जातात.

टप्पा ५ : कागद आणि कात्री

फोनची बाह्यरेषा पेन्सिलीने कागदावर खऱ्या मापात आखून घ्या आणि त्या चौकटीतच काढा. मोठ्या कागदावर मोकळेपणाने काढलेली स्क्रीन फोनवर कधीच मावत नाही. मुख्य स्क्रीनची किमान वीस स्केचेस करा. पहिली सात-आठ पाहिलेल्या ॲप्सची नक्कल असतात; स्वतःचे काही त्यानंतर सुचू लागते. प्रत्येकावर तारीख घाला आणि एकही फाडू नका.

मग त्यांतली दोन निवडून बटणे कापून घ्या आणि कागदाचेच ॲप करून एखाद्या व्यक्तीपुढे ठेवा. तिने बोट टेकवले की तुम्ही पुढचा कागद सरकवायचा. दहा मिनिटांत कळते की ‘संग्रह’ हा शब्द तिला कळला नाही आणि ‘माझ्या ओव्या’ म्हटल्यावर लगेच कळला. कोडमध्ये हीच दुरुस्ती अर्धा दिवस घेते.

फिग्मा यानंतर. त्यात पहिल्या दिवसापासून खरा मराठी मजकूर भरा. निरर्थक लॅटिन मजकूर घालून केलेली मांडणी देवनागरी आली की कोलमडते. का, ते सातव्या टप्प्यात येईल.

*सावधान :* फिग्मामधल्या स्क्रीनची संख्या पाच-सहाच्या वर जाऊ लागली की थांबा. अजून एकही स्क्रीन फोनवर चाललेली नाही.

टप्पा ६ : एकच धागा, खऱ्या फोनवर, लवकर

पहिला कोड लिहिताना पूर्ण ॲपचा विचार सोडा. एकच धागा आरपार ओवा : बटण दाबले, आवाज रेकॉर्ड झाला, फाइल साठली, ती पुन्हा वाजली. दिसायला ओबडधोबड चालेल, पण सत्राच्या निम्म्याआधी हे तुमच्या हातातल्या फोनवर झालेच पाहिजे. त्यानंतर यादी, मग नाव देणे, मग घरच्यांना पाठवणे. लॉगिन, प्रोफाइल, गडद थीम यांना या युनिटमध्ये जागा नाही.

या धाग्यावर नेमक्या कुठे गाठी पडतात, ते सांगतो. मायक्रोफोनसाठी अँड्रॉइडवर ॲप चालू असताना परवानगी मागावी लागते, आणि वापरकर्त्याने नाही म्हटले तर पुढे काय, याचीही स्क्रीन लागते. आयफोनवर मायक्रोफोन कशासाठी हवा याचे कारण ॲपच्या माहितीफाइलमध्ये लिहिलेले नसेल, तर बटण दाबल्याबरोबर ॲप बंद पडते. ते कारण मराठीतच लिहा, म्हणजे परवानगीच्या चौकटीत बाईंना ते वाचता येईल.

आवाजाची फाइल कोणत्या प्रकारात साठवायची हेही आताच ठरवा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एका चॅनेलचा अनकॉम्प्रेस्ड (आकार लहान न केलेला) आवाज मिनिटाला सुमारे ५.३ एमबी जागा घेतो. तोच एएसी या आकार लहान करणाऱ्या प्रकारात ६४ केबीपीएसने साठवला तर मिनिटाला सुमारे ४८० केबी. तीन मिनिटांच्या शंभर ओव्यांचा हिशेब केला तर पहिल्या पद्धतीत दीड जीबीहून अधिक आणि दुसऱ्या पद्धतीत दीडशे एमबीच्या आत. साध्या फोनवर आणि गावच्या नेटवर हा फरक निर्णायक आहे, आणि असा निर्णय हिशेबासह वहीत लिहिला तर तो ‘ज्ञान’ या निकषाखाली थेट मोजला जातो.

*सावधान :* ॲपलच्या विनामूल्य खात्यावरून स्वतःच्या आयफोनवर टाकलेले ॲप सात दिवसच चालते, मग पुन्हा टाकावे लागते. सादरीकरणाच्या सकाळी ॲप उघडत नाही म्हणून पांढरे पडलेले चेहरे मी पाहिले आहेत. कोडमध्ये काहीही बिघडलेले नसते, फक्त मुदत संपलेली असते. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी बिल्ड नव्याने टाका.

टप्पा ७ : देवनागरी, अंगठा आणि रंग

हा टप्पा बहुतेक विद्यार्थी सजावट समजून शेवटी ढकलतात. मराठी ॲपमध्ये तो कामाचा गाभा आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

देवनागरीला रोमनपेक्षा उभी जागा जास्त लागते. वर रफार, वेलांटी, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळीच्या उंचीत ‘कीर्ती’चा रफार वरच्या कडेला कापला जातो आणि ‘कृष्णू’चा उकार खालच्या बटणाखाली जातो. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपट ठेवून सुरुवात करा आणि ‘कीर्तीं’, ‘दुर्बुद्धी’, ‘श्रीकृष्णू’ असे वर-खाली पसरणारे शब्द मुद्दाम भरून प्रत्येक बटण तपासा.

अक्षरांमधले अंतर वाढवण्याची सोय देवनागरीला वापरू नका. रोमन मथळ्यात ती शोभते. आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. डिझाइन शिकलेले विद्यार्थीही सवयीने ही चूक करतात.

फॉन्ट परवाना पाहून घ्या. नोटो सॅन्स देवनागरी, तसेच मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ या नावांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत आणि ॲपमध्ये समाविष्ट करता येतात. फोनमधल्या फॉन्टवर विसंबलात तर प्रत्येक कंपनीच्या फोनवर अक्षर निराळे दिसेल.

शोधाची सोय देणार असाल तर आणखी एक बारकावा आहे. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या क्रमांनी टंकित होऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात आणि साठवलेली ओवी सापडत नाही. साठवताना आणि शोधताना दोन्हींचे एकाच रूपात रूपांतर करून घ्या.

बोटाने दाबायच्या जागेसाठी ॲपलचे मार्गदर्शन किमान ४४ बाय ४४ पॉइंट आणि अँड्रॉइडचे किमान ४८ बाय ४८ डीपी (अँड्रॉइडचे स्क्रीनवरील मापाचे एकक) असे आहे. सत्तरीतल्या अंगठ्यासाठी मी रेकॉर्डचे बटण याच्या दुप्पट ठेवण्याचा आग्रह धरीन. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला रंगभेद डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या दुसऱ्या, म्हणजे एए पातळीनुसार किमान ४.५:१, मोठ्या अक्षरांसाठी ३:१ हवा. फिकट राखाडीवर पांढरे अक्षर स्टुडिओतल्या मोठ्या पडद्यावर सुंदर दिसते. अंगणातल्या उन्हात ते नाहीसे होते.

*तपासणी :* फोनच्या सेटिंगमध्ये अक्षराचा आकार सर्वांत मोठा करा आणि ॲप उघडा. ज्या स्क्रीनवर मजकूर कापला जातो, तिथे मांडणी ठरीव आकड्यांवर उभी आहे.

टप्पा ८ : चाचणी, दुरुस्ती, पुन्हा चाचणी

एका फेरीला पाच माणसे पुरेत, पण फेऱ्या दोन हव्यात. एकाच फेरीत दहा जणांना गाठण्यापेक्षा पाच जणांनंतर दुरुस्ती करून पुन्हा पाच जणांना दाखवणे अधिक उपयोगी, कारण दुरुस्तीमुळे गोष्ट सुधारली की नाही, हे दुसऱ्या फेरीतच कळते.

प्रत्येकाला काम द्या, सूचना देऊ नका. ‘हे लाल बटण दाबा’ ही सूचना झाली. ‘तुम्हाला आत्ता एक ओवी आठवली आहे, ती ठेवून द्या’ हे काम झाले. मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. त्या अडल्या की तुमचा हात आपोआप फोनकडे जाईल. तो आवरा, आणि किमान दहा सेकंद मनात मोजा. त्या दहा सेकंदांत बाई कुठे पाहतात, काय दाबून पाहतात, स्वतःशी काय पुटपुटतात, हाच तुमचा पुरावा.

नोंदीचा तक्ता साधा ठेवा : काम, काय घडले, किती वेळ लागला, किती गंभीर. ‘आवडले’, ‘छान आहे’ असे अभिप्राय तक्त्यात घेऊ नका. पाच जणांनी मिळून पंधरा अडचणी दाखवल्या तर त्यांतल्या काम पूर्णच होऊ न देणाऱ्या दोन-तीन आधी सोडवा आणि बाकीच्या का ठेवल्या, ते लिहा. ठेवलेल्या अडचणींचे प्रामाणिक कारण गुण कमी करत नाही. लपवलेली अडचण सादरीकरणात उघडी पडली की कमी होतात.

टप्पा ९ : स्टोअरवर टाकायचे असेल तरच

ब्रीफमध्ये मागितले नसेल तर ॲप स्टोअरवर टाकण्याच्या मागे लागू नका. परीक्षकाला फोनवर टाकता येईल असे बिल्ड आणि व्हिडिओ बहुधा पुरतात. मागितले असेल तर दिवस आधीच मोजा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक गूगल प्ले खात्याला, ॲप सर्वांसाठी खुले करण्याची परवानगी मागण्यापूर्वी ॲप वापरून पाहणाऱ्या किमान १२ जणांसह सलग १४ दिवस निमंत्रितांपुरती चाचणी घ्यावी लागते. खात्याची पडताळणी आणि गूगलकडून होणारी तपासणी धरली तर महिनाभर राखून ठेवा. नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. ॲपलची सदस्यता वर्षाला ९९ डॉलर आहे, आणि टेस्टफ्लाइट या ॲपलच्या चाचणीसाठीच्या सोयीवरचे प्रत्येक बिल्ड ९० दिवसांनी बाद होते.

अँड्रॉइडची स्वाक्षरीची किल्ली (ॲपवर तुमची डिजिटल सही करणारी फाइल) आणि तिचा परवलीचा शब्द दोन ठिकाणी जपून ठेवा. मात्र ती किल्ली गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर चुकूनही चढवू नका.

टप्पा १० : सबमिशन

प्रक्रियेची वही शेवटच्या रात्री लिहून होत नाही. वर सांगितल्याप्रमाणे रोज नोंद ठेवली असेल तर आता फक्त निवड करायची आहे. वहीत प्रत्येक मोठ्या निर्णयापाशी तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत : काय पाहिले, त्यावरून काय बदलले, बदलल्यावर काय झाले. दाबून धरण्याच्या बटणाचे उदाहरण घेतले तर भेटीतील नोंद, कागदावरचे स्केच, कमिटचा संदेश आणि दुसऱ्या फेरीतला तक्ता एकाच पानावर शेजारी शेजारी लावा. परीक्षकाला मराठी येत नसेल, म्हणून स्क्रीनचे फोटो देताना प्रत्येक बटणाचा अर्थ इंग्रजीत खाली द्या. ओवीचा मजकूर मात्र मुळातलाच ठेवा.

दुसऱ्यांचा कोड, लायब्ररी (तयार कोडचे संच), चित्रे, तसेच एआयच्या साहाय्याने लिहिलेले भाग यांचा स्पष्ट उल्लेख करा आणि युनिटचे याविषयीचे नियम आधी वाचा. जो कोड तुम्हाला ओळीओळीने समजावून सांगता येत नाही, तो ठेवू नका. तोंडी परीक्षेत नेमके त्याच ओळीवर बोट ठेवले जाते.

व्हिडिओत स्क्रीन-रेकॉर्डिंग पुरेसे नाही. एक दृश्य असे घ्या ज्यात फोन धरलेला हात दिसेल आणि ॲप कोण वापरते आहे ते कळेल. चेहरा दाखवायचा असेल तर संमतिपत्रात तशी नोंद आहे ना, ते पाहा.

सादर करण्यापूर्वी पुढील गोष्टी दुसऱ्याच्या संगणकावरून करून पाहा :

१. दुवे स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून उघडा. फिग्मा आणि गूगल ड्राइव्हचे दुवे ‘परवानगी नाही’ असे दाखवतात आणि परीक्षकासमोर रिकामे पान येते.

२. रिपॉझिटरी, म्हणजे गिटमध्ये ठेवलेला सगळा कोड, नव्याने उतरवून, लिहिलेल्या सूचना पाळून ॲप बांधून पाहा.

३. ॲप फोनमधून काढून टाकून पुन्हा टाका आणि विमान मोडमध्ये उघडा. पहिल्यांदा उघडणाऱ्याला काय दिसते, हे डेव्हलपरला महिनोन् महिने दिसलेलेच नसते.

४. मुदत लंडनच्या वेळेनुसार आहे हे ध्यानात घ्या. सुट्टीत भारतातून सादर करत असाल तर फरक हिवाळ्यात साडेपाच तासांचा आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा असतो.

निकाल लागल्यानंतर एक काम उरते आणि ते बहुतेकांकडून राहून जाते. संमतिपत्रात लिहिलेल्या मुदतीप्रमाणे चाचणीतली रेकॉर्डिंग लॅपटॉप, ड्राइव्ह आणि फोन या तिन्ही ठिकाणांहून पुसा. पुसण्यापूर्वी ज्या बाईंनी ओव्या दिल्या, त्यांच्या घरी त्यांच्या आवाजाच्या फाइल पाठवा, आणि त्यांच्या फोनवर त्या उघडतात का, हे फोन करून विचारा.